पुढच्या वर्षी जायचंच आहे

‘मावशी, आम्हाला अदिसची ऑफर आलीये. तीन वर्षांची. तिथे राहण्याचे फायदे-तोटे लिहून पाठव ना. मुद्देसूद हं!’

भाचीचा हा निरोप येऊन सोळा दिवस झाले. ‘मुद्देसूद’ हा टोला माझ्या मास्तरकीला असणार. मीही वहीचं पान मधोमध दुमडलं, डावीकडे ‘फायदे’, उजवीकडे ‘तोटे’ लिहिलं, दोन्हीखाली रेघ मारली आणि पहिल्याच नोंदीला अडकले. हवा. ती कुठल्या बाजूला लिहायची?

इथिओपियाची ही राजधानी, अदिस अबाबा, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५५ मीटर उंचावर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी एक किलोमीटर. चौदा वर्षांत आम्ही पंखा घेतलेला नाही. डासांचा त्रास नाही, शहरात मलेरियाची भीती नाही. औरंगाबादच्या (नाव बदललं, मान्य, पण माझ्या तोंडी अजून तेच येतं) मे महिन्यात कुलरसमोर अभ्यास करून वाढलेल्या बाईला ही चैनच. २०११ च्या ऑगस्टात आम्ही उतरलो ते धो धो पावसात, आणि चार बॅगांत मिळून एकही स्वेटर नव्हता. आफ्रिकेत स्वेटर कशाला, यावर माहेर-सासर दोन्हीकडे एकमत झालं होतं. अशी एकमतं आमच्या घरांत क्वचित होतात. पहिली रात्र आम्ही सोलापुरी चादरी एकावर एक घेऊन काढली.

पण या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ पातेल्यात दोन तास रटरटली तरी दाणा काही फुटत नाही. कुकर हाच तारणहार, आणि पहिल्याच फेब्रुवारीत कुकरची रिंग गेली. मेर्काटो हा आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक म्हणतात. तिथे जुन्या टायरच्या चपलांपासून धुपाच्या पोत्यांपर्यंत काय वाटेल ते मिळतं. आमच्या मापाची रिंग मिळाली नाही. मुंबईहून कुणीतरी येईपर्यंत तीन आठवडे मसूर खाल्ली. तेव्हा ‘हवा’ मी दोन्ही बाजूंना लिहिली आणि पुढे ‘वेळ’ लिहिलं. तिथेही तेच.

इथला दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बारा महिने सहाच्या मागेपुढेच उगवतो. त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे इथला एक, आणि दुपारचे बारा म्हणजे सहा. आपलं पंचांगही वार सूर्योदयापासूनच धरतं, तेव्हा यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पण नळवाला ‘उद्या दोन वाजता येतो’ म्हणाला, आम्ही दुपारभर वाट पाहिली आणि तो सकाळी आठला येऊन, दार वाजवून, चिडून गेलेला. तेव्हापासून वेळ ठरली की विचारायचं, ‘बे हबेशा की बे फेरेंज?’ हबेशांच्या, म्हणजे इथल्यांच्या, घड्याळाने की परक्यांच्या?

वर्षाचंही तसंच. तेरा महिने. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पागुमे पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. साल आपल्यापेक्षा सात-आठने मागे. आम्ही आलो तेव्हा इथे २००३ चालू होतं. नवऱ्याने फोनवर सासूबाईंना सांगितलं, ‘आई, आम्ही आठ वर्षांनी तरुण झालो.’ त्या म्हणाल्या, ‘मग ती आठ वर्षं तरी इकडे राहून मग जा.’

नवं वर्ष ११ सप्टेंबरला, लीप वर्षानंतर १२ ला. पाऊस ओसरत असतो, डोंगरउतारांवर पिवळी आदेय अबेबा फुललेली असते, घराघरांत जमिनीवर ओलं हिरवं गवत पसरतात. २०२१ साली गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला आली आणि दुसऱ्या दिवशी इथला पाडवा, १ मेस्केरेम २०१४. बाप्पाच्या पाटाखालीही आम्ही तेच गवत पसरलं आणि दूर्वा म्हणून त्यातल्याच काड्या निवडल्या. देवाने चालवून घेतल्या असाव्यात. नारळ मात्र पठारावर दुर्मीळ. मोदकाचं सारण पाकिटातल्या कोरड्या किसाचं होतं. जमलेल्या बारा मराठी घरांतल्या एका आजोबांनी ते खाऊन ‘छान आहे’ म्हटलं, आणि ते वाक्य किती जड गेलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

खाण्याचं मात्र मी डावीकडे लिहीन, बिनदिक्कत. भाचीला वाटतंय तिकडे शाकाहारी माणसाची उपासमार होईल. उलट आहे. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी त्सोम पाळतात, शिवाय ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवसांचा मोठा उपास. त्सोममध्ये मांस नाही, अंडं नाही, दूध-तूप-लोणीसुद्धा नाही. पुष्कळ जण दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. त्यामुळे कुठल्याही खानावळीत जाऊन ‘त्सोम’ म्हटलं की इंजेऱ्यावर सात-आठ भाज्या-डाळींचे ढीग मांडलेलं बेयाय्नेतु समोर येतं. सुरुवातीला शाळेतल्या बाया विचारायच्या, ‘आज मंगळवार, तरी तुझा उपास?’ मी म्हणायचे, माझा रोजच. त्यांना मी मोठी धर्मनिष्ठ वाटत असे. पुढे एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी, वर तूप, दाण्याचा कूट असा डबा उघडला तेव्हा ती प्रतिमा ढासळली. ‘हा उपास?’ असं एकीने ज्या सुरात विचारलं त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या मोहरीहूनही बारीक धान्याचं पीठ तीन-चार दिवस आंबवून केलेलं धिरडं. एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते. आणि शिरो! हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं पीठ, त्यात आधीच मसाले भाजून कुटून घातलेले, उकळत्या पाण्यात सोडायचं. मराठवाड्यातल्या कुणालाही मी एवढंच सांगेन की येसर आणि पिठलं यांचं लग्न लागलंय. पहिल्यांदा शेजारच्या एमामाने मातीच्या भांड्यात खदखदणारा शिरो समोर ठेवला तेव्हा मला एकदम आजीच्या चुलीचा वास आला. एमामा म्हणजे आपल्या ‘आजी’सारखी हाक. तिने इंजेऱ्याचा तुकडा तोडला, शिरोत बुडवला आणि सरळ माझ्या तोंडाशी आणला. त्याला गुर्शा म्हणतात. लग्नात नाव घेऊन घास भरवतात ना, तसं. पण इथे ते पाहुण्यालाही करतात आणि नाही म्हणायची सोय नसते. मी नाही म्हटलं होतं. चार वेळा. पाचव्या वेळी तोंड उघडलं.

ती एमामा म्हणजे काझान्चिस भागातल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराच्या भिंतीपलीकडची शेजारीण. तिच्याकडे रोज दुपारी बुना व्हायचा. बुना म्हणजे कॉफी, पण ‘चला कॉफी घेऊ’ म्हणण्याइतकं ते सोपं नाही. हिरवे दाणे धुवायचे, लोखंडी तव्यावर भाजायचे, तो धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवायचा, कुटायचे, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायचे. बाजूला ऊद जळतोय, आणि कॉफीबरोबर खायला लाह्या. मक्याच्या का होईना, लाह्याच. तीन फेऱ्या: आबोल, तोना, बेरेका. तिसरी आशीर्वादाची, ती न घेता उठायचं नाही. म्हणजे दीड तास गेला. पहिल्या वर्षी मला हा वेळेचा अपव्यय वाटायचा, वह्या तपासायच्या राहायच्या. त्या दीड तासांत काय व्हायचं ते मला फार उशिरा कळलं, त्याकडे येतेच.

आधी कागदपत्रं. इथे आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. हाक पहिल्या नावाने, आदराने म्हणायचं तरी ‘अतो’ अमुक, ‘वेझेरो’ अमुक, आणि लग्नाने बाईचं नाव बदलत नाही. मी आपल्या पद्धतीने अर्जात माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहिलं. खिडकीमागच्या बाईंनी ते त्यांच्या पद्धतीने वाचलं. माझ्या पहिल्या निवास कार्डाप्रमाणे नवरा माझा बाप होता आणि आडनाव आजोबा. दुरुस्तीला चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला नवऱ्याने बापाच्या अधिकारात मला गप्प बसायला सांगितलं.

हे कार्ड दर वर्षी नवं करायचं. कामाचा परवानाही तसाच. दर वर्षी फोटो, फी, शिक्का, ‘नेगे’ म्हणजे उद्या या. पुढचं सगळं समजायला हा तपशील लागेल.

आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो. नवरा शहराबाहेरच्या सूतगिरणीत स्पिनिंग मास्टर, मी एका शाळेत गणित शिकवायला. गणिताच्या भारतीय बाईंना इथे एक आयता मान मिळतो. सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून, त्यातही केरळातून, पुष्कळ शिक्षक इथे आले, लांबच्या गावांपर्यंत गेले. साठी ओलांडलेला टॅक्सीवाला ‘हिंद?’ असं विचारतो आणि आपल्या कुणा भूमितीच्या मास्तरांची आठवण काढतो. कधी न पाहिलेल्या त्या मास्तरांच्या पुण्याईवर मला निळ्या-पांढऱ्या मिनीबसमध्ये पुढची जागा मिळते. त्या मिनीबसमध्ये उतरायचं असलं की ‘वराज अले!’ ओरडायचं, म्हणजे ‘उतरणारं आहे’. पहिले काही महिने मला ते ‘महाराज आले’ असंच ऐकू यायचं आणि मी सावरून बसायचे.

याच शाळेत शिक्षकांची भिशी होती. एकुब म्हणतात. दर महिन्याला ठरावीक रक्कम, चिठ्ठी, एकाला सगळे पैसे. मराठी बाईला भिशी समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्या वर्षी मी तिच्यात होते, चौथ्या वर्षी हिशोबनीस. एकुब फायद्यात लिहा. बिर, म्हणजे इथलं चलन, तोट्यात. आम्ही आलो तेव्हा डॉलरला सतराच्या आसपास बिर पडत. २०२४ च्या जुलैअखेर सरकारने बिर बाजारभावावर सोडला तेव्हा सत्तावन्न होते. काही आठवड्यांत शंभरी ओलांडली, आता एकशे चाळीसच्या वर. नवऱ्याचा निम्मा पगार डॉलरमध्ये, माझा सगळा बिरमध्ये. माझी तेरा वर्षांची शिल्लक त्या एका पावसाळ्यात निम्म्यावर आली, उन्हात ठेवलेलं लोणी वितळावं तशी. भाचीने ही ओळ दोनदा वाचावी. करारात चलन कुठलं लिहिलंय ते पाहा, बाकी बंगला, गाडी, पहारेकरी याला काही अर्थ नाही. डॉलरची टंचाई त्याआधीची, किती वर्षांची. गिरणीत चात्यांचे सुटे भाग यायला आठ-आठ महिने, तोवर यंत्रांवर चादर. औषधांचंही तेच. माझ्या थायरॉइडच्या गोळ्या वर्षाच्या एकदम आणते. नाहीतर प्रवास किती सोपा! मुंबईहून थेट विमान, साडेपाच-सहा तास. मुंबई-औरंगाबाद रात्रीच्या बसला याहून जास्त लागतात. विमानात उपचारांसाठी भारतात निघालेले इथले रुग्ण असतात. मी त्यांचे फॉर्म भरून देते. परतीच्या वेळी मुंबईत पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातात ठेवायचं, ते विसरलात तर पंचाईत.

एक गोष्ट या पानावर कुठेच बसत नाही. इथले लोक स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणतात. हबेशा जेवण, हबेशा कपडे, हबेशा वेळ. त्या शब्दाचाच आपल्याकडे ‘हबशी’ झाला, आणि आपण तो कुणाला, कशा तोंडाने म्हणतो ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. इथे आलेल्या आपल्या मंडळींच्या दिवाणखान्यांत मोलकरणीसमोर मराठीत-हिंदीत जे बोललं जातं तेही नाही. ‘त्यांना कुठे कळतंय’ असं म्हणतात. कळतं.

आणि मी तर हबशाने वसवलेल्या गावची. शाळेची सहल दर वर्षी पाणचक्कीला जायची आणि बाई मलिक अंबराच्या नहरीची गोष्ट सांगायच्या. तो सोळाव्या शतकाच्या मध्यात याच देशात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादवरून दख्खनेत पोचला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणलं. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आमचं गाव. १६२६ मध्ये तो गेला, कबर खुलदाबादला. हे सगळं मी एकदा शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. इतिहासाचे शिक्षक मन लावून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, ‘तो परत आला का कधी?’

‘नाही.’

‘आणि तुम्ही कधी जाणार?’

‘पुढच्या वर्षी,’ मी म्हणाले. खोलीतले सगळे हसले, कारण ते माझं पाचवं ‘पुढच्या वर्षी’ होतं.

भाचीला नेमकं हेच कसं लिहू ते कळत नाहीये. चौदा वर्षं राहायचं असं कुणी ठरवत नाही. परवाना एक वर्षाचा असतो, म्हणून माणूस एक-एक वर्ष राहतं. आम्ही कपाट घेतलं नाही, पुढच्या वर्षी जायचंच आहे. नऊ वर्षं कपडे बॅगांत आणि दोरीवर. भिंतीला खिळा मारला नाही. अंगणात कढीपत्ता लावायचा राहिला, कारण तो मोठा होईपर्यंत आपण कुठे असणार इथे? आणि भाषा. बोलण्यापुरती आली. श्वास आत ओढून ‘हो’ म्हणायची इथली लकब तर अंगातच भिनली. व्हिडिओ कॉलवर तशी ‘हो’ म्हटलं की सासूबाई घाबरायच्या, ‘काय गं, दम लागतोय का?’ पण लिपी शिकायची टाळली. आठव्या वर्षी एमामाच्या नातवाच्या उजळणीच्या तक्त्यावर नजर पडली आणि मी मटकन बसलेच. ती चक्क बाराखडी होती! तेहेतीस अक्षरं, प्रत्येकाची सात रूपं, ह हु ही हा हे... ओळीने. वाक्यात क्रियापदही शेवटी, आपल्यासारखंच. दोन महिन्यांत पाट्या वाचायला लागले. कोपऱ्यावरच्या टपरीवर ‘बुना’ लिहिलंय हे आठ वर्षं त्याच रस्त्याने जाऊन मला माहीत नव्हतं.

मुलगा इथे दहावीपर्यंत शिकला, आता पुण्यात आहे. त्याने इथलं कधी ‘पुढच्या वर्षी’ केलं नाही, पोरं करत नाहीत. पुण्यात ‘तू कुठला’ असं विचारलं की तो ‘काझान्चिस’ म्हणतो आणि वर स्पष्टीकरण देत नाही.

२०२० च्या जूनअखेर एका लोकप्रिय ओरोमो गायकाची शहरात हत्या झाली, दंगली उसळल्या आणि सरकारने इंटरनेट बंद केलं. सुमारे तीन आठवडे. करोनामुळे भारताची विमानं मार्चपासूनच बंद. फोन लागला तर लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा लागला. बाबा गेले होते. ‘व्हिडिओ केलाय, पाठवतो,’ तो म्हणाला आणि मग त्यालाच आठवलं की पाठवता येणार नाही.

नेट सुरू झालं त्या दिवशी फोन हातात थरथरत राहिला. तीन आठवड्यांचे निरोप एकामागून एक, आपापल्या क्रमाने आले. बाबांना जरा कणकण आहे, काळजी करू नको. आज पेज घेतली. दवाखान्यात नेतोय. आता बरे आहेत. आता बरे आहेत हे दोनदा होतं. मला शेवट माहीत होता आणि तरी मी ते वरून खाली वाचत गेले.

त्या मधल्या दिवसांत एमामा आली होती. मी तिला काही कळवलं नव्हतं; आमच्या पहारेकरी गाशेने सांगितलं असावं. बरोबर पाच-सहा बाया, तोंडावर पांढऱ्या नेतेलाचे पदर. कुणी पाव आणला, कुणी थर्मासात बुना. कुणी काही बोललं नाही. दारातल्या बाकावर, पायऱ्यांवर, अंतर ठेवून बसल्या. दुपार गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. जाताना एमामा फक्त ‘आयझोश’ म्हणायची. धीर धर, मी आहे, घाबरू नको, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मराठीत त्याला मी आजवर एक शब्द शोधतेय.

नंतर कळलं की त्या तिच्या एदिरच्या बाया होत्या. एदिर म्हणजे मयताची भिशी म्हणा. गल्लीतली घरं दर महिन्याला थोडे पैसे भरतात. कुणाकडे कुणी गेलं की एदिर मांडव घालते, बाकडी आणि मोठी पातेली आणते, घरच्यांना खर्चाला पैसे देते आणि पाळीपाळीने माणसं दिवसचे दिवस येऊन बसतात. न बसणाऱ्याला दंड असतो. मी सभासद नव्हते. नऊ वर्षांत कुणीतरी दोनदा विचारलं होतं, मी म्हटलं होतं, कशाला, पुढच्या वर्षी जायचंच आहे. भिशीत शिरायला मला दुसरं वर्ष पुरलं होतं. रोज दुपारी एमामाच्या बुन्यावर हेच तर चालायचं: कोण आजारी, कुणाचे पैसे राहिले, उद्या बसायची पाळी कुणाची. आणि मी मनात वह्या तपासत तिसऱ्या फेरीची वाट पाहायचे.

त्या ऑगस्टात मी एदिरमध्ये नाव घातलं. सप्टेंबरात कपाटही घेतलं.

२०२१ च्या नोव्हेंबरात आणीबाणी लागली, उत्तरेचं युद्ध राजधानीच्या दिशेने सरकत होतं, वकिलाती आपापल्या लोकांना निघा म्हणत होत्या. दाराशी बॅग, बॅगेत पासपोर्ट. ओळखीची चार भारतीय घरं गेली. आम्ही राहिलो, त्यात शौर्य काही नव्हतं. नवऱ्याचा पाच महिन्यांचा पगार अडकला होता.

बॉम्ब पडले नाहीत, पण काझान्चिस पडलं. २०२४ मध्ये आधी पिआसाची जुनी वस्ती पाडली, वर्षाच्या शेवटाला आमची. रुंद रस्ते, सायकलींची वाट, दिव्यांच्या माळा. आम्ही आता वेगळ्या भागात राहतो. संध्याकाळी फिरायला जाते तेव्हा सपाट, स्वच्छ फुटपाथवर पाय मोकळे होतात. चौदा वर्षांत अदिसमध्ये इतकं सुखाने चालता आलं नव्हतं. जिथे चालते तिथे एमामाचं अंगण होतं का त्याच्या पलीकडे, ते आता नीट ओळखू येत नाही. गाशेची टपरी, नातवाची शाळा, ‘बुना’ची पाटी, काही नाही. फुटपाथ मी फायद्यात लिहिला आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले.

भाचीला काल शेवटी एवढंच पाठवलं: प्रत्येकी दोन स्वेटर. कुकरच्या तीन रिंगा, मापाच्या. गोळ्या वर्षाच्या. मेथ्या, कलौंजी, ओवा आणू नकोस, इथे ढिगाने मिळतात. पगार डॉलरमध्ये मागा. कपाट पहिल्या महिन्यात घ्या. ती म्हणाली, ‘मावशी, मी फायदे-तोटे विचारले होते.’

एमामाला शहराच्या टोकाला एका कॉन्डोमिनियममध्ये चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. एदिरची घरं चार दिशांना पांगली, पण मोडली नाही. वर्गणी आता फोनवरून तेलेबिरने जाते. गेल्या रविवारी नवी वही घातली म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. दोन मिनीबस बदलून गेले. चार मजले चढताना पहिल्या वर्षासारखा दम लागला. एमामाने दाणे भाजायला घेतले होते, धूर जायला जागा नाही, शेजारी खोकत होते. नातू, आता मिसरूड फुटलेला, वहीत नावं लिहीत होता. ज्यांच्यासाठी बसायचं त्यांची नावं सांगायची.

मी नवऱ्याचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. मग आईचं आणि सासूबाईंचं.

‘या दोघी कुठे राहतात?’ त्याने विचारलं.

‘हिंदमध्ये.’

त्याने पेन थांबवून आजीकडे पाहिलं. ‘तिकडे गेल्या तर आपण कसं बसणार?’

एमामाने तवा हलवता हलवता त्याच्याकडे न बघताच सांगितलं, ‘इथे बसू. लिही,’ आणि माझ्या शेजारणीला तिची नावं विचारायला लागली.